घरात छोटं कुत्रं, दारात गेट: माप घेण्यापासून सवय लावण्यापर्यंत

बुंदी आमच्याकडे आली तेव्हा तीन महिन्यांची होती. पांढरी पॉमेरेनियन, वजन दोन किलोच्या आत. चौथ्या दिवशी मी ऑनलाइन एक देखणं लाकडी गेट मागवलं. फोटोत त्याच्यामागे एक गुबगुबीत पग शहाण्यासारखा बसला होता. गेट आलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि मी पोळ्या लाटायला घेतल्या. बुंदीनं खालच्या फळीला नाक लावून पाहिलं, दोन पावलं मागे गेली आणि येऊन धडकली. गेट सरकलं, तिरकं झालं आणि फरशीवर असं आदळलं की खालच्या मजल्यावरचे काका विचारायला वर आले. बुंदीला लागलं नाही. पण पुढचे तीन आठवडे ती त्या दाराजवळ आली की अंग चोरायची, शेपूट आत घ्यायची. पडलेलं गेट उचलून ठेवता येतं, पण कुत्र्याच्या मनात बसलेली भीती काढायला वेळ लागतो.

त्या गेटात खोट नव्हती. ते नुसतं उभं राहणारं गेट होतं, शांत म्हाताऱ्या कुत्र्याला पुरलं असतं. चूक माझी, कारण मी गेट बघून गेट घेतलं. आधी दार बघायला हवं होतं, मग भिंत, मग कुत्रं आणि सगळ्यात शेवटी घरातली माणसं. खरं तर माणसं आधीच बघायला हवी होती, पण तो धडा मला दुसऱ्या गेटाच्या वेळी मिळाला.

अडवायचं कुठे आणि कशासाठी

"कुत्र्यासाठी गेट हवंय" एवढ्यावर खरेदी करू नका. जागा बदलली की गेटचा प्रकारच बदलतो.

आमचं कारण स्वयंपाकघर. आपल्याकडे कांदे-बटाट्यांची टोपली बहुतेक घरांत ओट्याखाली, म्हणजे बरोबर कुत्र्याच्या नाकासमोर असते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. कच्चा असो, फोडणीतला असो की पावडर, फरक पडत नाही, आणि चार-पाच किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदाही त्रास द्यायला पुरतो. लक्षणं लगेच दिसत नाहीत, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात, त्यामुळे "काल खाल्ला, आज तर मजेत आहे" यावर विसंबून चालत नाही. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट हृदयाला. शिवाय उकळती कढई घेऊन वळताना पायात पिल्लू आलं तर दोघांचाही घात.

दुसरं कारण शी-शूची सवय. पिल्लू किती तास धरू शकतं याचा ढोबळ हिशोब म्हणजे वयाच्या महिन्यांइतके तास, तोही दिवसा आणि फार ताणायचा नाही. तीन महिन्यांच्या पिल्लाला अख्खं घर मोकळं दिलं तर ते सोफ्यामागचा कोपरा शोधणारच. फरशी पुसायला सोपी असलेला एखादा भाग अडवला की लक्ष ठेवता येतं आणि वेळेवर उचलून नेता येतं.

तिसरं कारण बाहेरचं दार. दिवसातून पाच-सहा वेळा कुणी ना कुणी येतं, दार उघडतं, आणि छोटं कुत्रं पायांमधून सटकून लिफ्टपर्यंत पोचतं. सेफ्टी डोअरच्या गजांमधून तर पिल्लू आरामात बाहेर जातं. इथे मुख्य दारापासून तीन-चार फूट आत गेट लावावं आणि घरातल्यांनी एकच नियम पाळावा: एक दार बंद असल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

चौथं कारण जिना. रो-हाउस, डुप्लेक्स किंवा बंगला असेल तर हा भाग नीट वाचा, कारण इथली चूक महागात पडते. जिन्याच्या वरच्या टोकाला दाबून बसवलेलं, म्हणजे स्क्रू न मारता दोन भिंतींच्या मध्ये बोल्टनं आवळलेलं, गेट कधीही लावू नये. ते सुटलं तर कुत्र्यासकट खाली जातं, आणि त्याच्या तळाला असलेल्या पट्टीला ठेचकाळून माणूसही जातो. तिथे भिंतीत स्क्रूनं पक्कं केलेलं, तळाला पट्टी नसलेलं आणि जिन्याच्या बाजूला न उघडणारं गेटच हवं.

बाल्कनी मी मुद्दाम यादीत धरली नाही. बाल्कनीच्या दाराला गेट लावलं म्हणून रेलिंगची फट सुरक्षित होत नाही. कुणीतरी गेट उघडं ठेवणारच, त्यामुळे रेलिंगला आतून जाळी हवीच.

टेप घ्या, आणि सुतात मोजा

आमच्या सुतारानं मला पहिल्याच भेटीत सुनावलं होतं, "ताई, अडीच फूट-तीन फूट असं सांगू नका. सुतात सांगा." एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. दाबून बसणाऱ्या गेटात दोन-तीन सुतांनी फरक पडतो, म्हणून त्याचं म्हणणं बरोबर होतं.

उघड्या दारातली मोकळी जागा मोजायची. दाराचं पान मोजून उपयोग नाही, कारण चौकट दोन्हीकडून जागा खाते. तीन ठिकाणी मोजा: जमिनीपासून दोन-तीन इंचांवर, मध्ये, आणि गेटची वरची कड जिथे येईल तिथे, म्हणजे साधारण अडीच फुटांवर. तिन्ही मापं सारखी येतील अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्या बिल्डिंगमध्ये ओळंब्यात असलेली भिंत सापडली तर बिल्डरला पेढे द्यावेत.

पॅसेजमध्ये गेट लावणार असाल तर स्कर्टिंगकडे बघा. फरशीची चार इंच उंच पट्टी भिंतीच्या बाहेर आलेली असते. आमच्या पॅसेजचं माप वर ४२ इंच आणि स्कर्टिंगपाशी ४१ इंच २ सूत आलं, म्हणजे सहा सुतांचा फरक. गेटचे खालचे दोन बोल्ट स्कर्टिंगवर टेकतात आणि वरचे दोन भिंतीवर, म्हणून वरचे बोल्ट जास्त बाहेर काढावे लागतात. तेवढं चालतं. चालत नाही ते बोल्टच्या टोकाची रबरी वाटी नेमकी स्कर्टिंगच्या कडेवर येणं, अर्धी पट्टीवर आणि अर्धी हवेत. ती कधीच पकड घेत नाही. म्हणून गेटचे खालचे बोल्ट जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे विकत घेण्याआधी विचारा.

आणखी तीन गोष्टी टिपून ठेवा. गेट चौकटीच्या आत बसवलं तर मूळ दार बंद होणार का? गेटची जाडी तीन-चार सेंटिमीटर असली तर दार त्यावर आपटतं. गेटचं पान कुठल्या बाजूला उघडणार आणि तिथे फ्रिज, वॉशिंग मशिन किंवा पिंप आहे का? दाराला उंबरठा किंवा बाथरूमसारखी दगडी पट्टी आहे का? असेल तर तळाची पट्टी तिच्यावर नीट बसत नाही.

बाजारातल्या बहुतेक दाबाच्या गेटांची मूळ रुंदी ७५ ते ८२ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यापुढे जोडपट्ट्या मिळतात. ४२ इंच म्हणजे जवळपास १०७ सेंटिमीटर, म्हणजे पॅसेजला जोडपट्टी लागणारच. पण जोडपट्ट्या वाढल्या की गेट मध्ये लवचीक होतं. दोनपेक्षा जास्त लागत असतील तर मोठ्या मापाचं गेट बघा. ओपन किचनच्या सहा-सात फुटी तोंडाला तर हा प्रकारच नको.

भिंत कसली आहे

याकडे कुणी बघत नाही, आणि निम्मी गेटं इथेच फसतात.

भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवून बघा. भरीव, बद्द आवाज आला तर वीट आणि सिमेंटचं प्लास्टर. तिथे ड्रिल, प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू, सगळं निर्धास्त. नव्या इमारतींत हलक्या राखाडी-पांढऱ्या ब्लॉकची भिंत असते, ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं आणि पांढरी भुकटी पडते. अशा ब्लॉकमध्ये साधी गिट्टी महिन्याभरात सैल होते, कारण गेट रोज पन्नासदा उघडतं-मिटतं. त्यासाठी या ब्लॉकच्या खास लांब गिट्ट्या मिळतात. त्याहून सोपं म्हणजे भिंतीवर तीन इंच रुंद सागाची पट्टी चार-पाच ठिकाणी पक्की करायची आणि गेटच्या बिजागऱ्या त्या पट्टीवर. ओढ एका भोकावर न येता वाटली जाते.

वर जिप्समचा गुळगुळीत थर असेल तर दाबाचं गेट त्यात खळगा पाडतं. गेटसोबत रुंद चकत्या येतात, त्या वापराच. नसतील तर रबरी वाटीमागे प्लायचा तळहाताएवढा तुकडा द्या. भाड्याच्या घरात असाल तर हे जास्तच जपा, नाहीतर डिपॉझिटमधून रंगाचे पैसे जातील.

ग्रॅनाइटची चौकट हा आमचा प्रकार. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर रबर घसरतं, कारण स्वयंपाकघरात तेलाची वाफ बसून त्यावर अदृश्य थर तयार झालेला असतो. चौकट आधी साबणाच्या पाण्यानं आणि मग स्पिरिटनं पुसली, वाट्या टेकतात त्या जागी, त्यासाठीच मिळणाऱ्या गोल बैठका दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावल्या, एक दिवस तशाच ठेवल्या आणि मग गेट घट्ट केलं. त्यानंतर ते हललं नाही. ग्रॅनाइटला भोक पाडायला कुणी तयार झालं तरी कडेजवळ पाडू देऊ नका, कोपरा उडतो.

लाकडी चौकट सगळ्यात सोयीची, फक्त पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि थंडी-उन्हाळ्यात आकसतं. जूनमध्ये घट्ट बसलेलं गेट डिसेंबरात खुळखुळतं.

आता कुत्र्याकडे बघा

छोटं कुत्रं म्हणजे सगळी छोटी कुत्री सारखी नव्हेत.

पहिली बाब गजांमधली फट. मोठ्या कुत्र्यांसाठी बनवलेल्या गेटांत ती सहा सेंटिमीटरपर्यंतही असते, आणि दोन किलोच्या पिल्लाला ती कमानीसारखी वाटते. कागदावरच्या मापावर विसंबू नका. जाड पुठ्ठा घ्या, त्यात गेटच्या फटीएवढी उभी खाच कापा, पलीकडे उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा आणि पिल्लाला बोलवा. डोकं आरपार आलं तर ते गेट नको. पिल्लांचं डोकं जिथून जातं तिथून धडही जातं, आणि गेलं नाही तर अडकतं, ते जास्त वाईट. पॉमेरेनियनच्या बाबतीत केसांच्या फुगाऱ्याला फसू नका. बुंदीला आंघोळ घातली की लक्षात येतं, आत जेमतेम उंदराएवढं जनावर आहे.

दुसरी बाब तळाची फट. छोटं कुत्रं वरून जाण्याआधी खालून जाऊन बघतं. गेट आणि फरशी यांत तीन-चार सेंटिमीटर जागा दिसली की डॅशहंड आणि टेरियर जातीची कुत्री पंजे घालून उकरायला लागतात. काही गेटांत मांजरासाठी छोटी खिडकी असते. तुमचं कुत्रं मांजराएवढं असेल तर तुम्ही पैसे देऊन भोक विकत घेताय.

उंचीचं म्हणाल तर ३० इंची, म्हणजे ७५-७६ सेंटिमीटरचं गेट सहज मिळतं आणि शिह त्झू, पग, लासा यांना ते पुरतं. जॅक रसेलसारखा उडी मारणारा असेल तर ३६ इंच किंवा त्याहून उंच बघा. डॅशहंडचे पाय आखूड म्हणून बुटकं गेट घेतलं जातं, पण त्या जातीला मणक्याच्या चकतीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. त्याला उडी मारायचा मोहच होऊ नये इतकं उंच गेट हवं. गज उभेच हवेत, आडवे गज म्हणजे शिडी. गेटशेजारी चप्पल स्टँड, स्टूल किंवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा नको. आमच्या पाहुण्यांची एक बॅग तिथे दहा मिनिटं होती, तेवढ्यात बुंदी बॅगेवरून पलीकडे.

आणि चावणं. चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्यापर्यंत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात. त्या काळात लाकूड, प्लास्टिक, जे समोर येईल ते कुरतडलं जातं. प्लास्टिकचे तुकडे पोटात गेले तर डॉक्टरकडे धावावं लागतं. तेवढ्या वयाच्या पिल्लासाठी पावडर कोटिंग केलेलं लोखंडी गेट बरं. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर वेल्डिंगच्या सांध्यांकडे बघून घ्या, गंज तिथून सुरू होतो. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या फळीच्या, गेटाचा तळ रोजच्या फरशी पुसण्यानं दिवाळीपर्यंत फुगतो.

कुठला प्रकार कुणासाठी

दाबून बसणारं, पान उघडणारं गेट: दोन भिंतींच्या मध्ये बोल्टनं आवळलेलं. भोकं पाडावी लागत नाहीत. स्वयंपाकघर, बेडरूम, पॅसेज यांसाठी बहुतेक घरांना हेच सोयीचं. तोटा एकच, तळाची पट्टी. त्याबद्दल पुढे.

स्क्रूचं गेट: सगळ्यात भक्कम, तळ मोकळा. जिन्याला हेच. स्वतःचं घर असेल आणि घरात वयस्कर माणसं असतील तर इतर ठिकाणीही हेच घ्या असं मी म्हणेन.

गुंडाळणारं जाळीचं गेट: दिसायला छान, नको तेव्हा एका बाजूला गुंडाळलं जातं. पण तळाला कापड मोकळं असतं आणि नाक घालून वर उचलता येतं. नखं लागली की जाळी विरते. शांत, पोक्त कुत्र्यासाठी ठीक, पिल्लासाठी मुळीच नाही.

घडीचं, नुसतं उभं राहणारं: आमचं पडलेलं ते हेच. ओपन किचनच्या रुंद तोंडाला दुसरा पर्याय नसेल तर बाजूच्या आडव्या पायांसकट घ्या, सरळ रेषेत न ठेवता इंग्रजी यू अक्षरासारखं वळवून ठेवा आणि एक टोक तरी भिंतीला हुकानं बांधा.

जुन्या पद्धतीचं, कैचीसारखं उघडणारं, वर टोकं आणि मध्ये चौकटीच्या खिडक्या असलेलं गेट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्या खिडक्यांत मान आणि पंजे अडकतात.

घरात रांगतं-चालतं मूलही असेल तर प्राण्यांचं गेट न घेता लहान मुलांचं घ्या. मुलांच्या गेटांसाठी युरोपात ईएन १९३० आणि अमेरिकेत एएसटीएम एफ१००४ अशी मानकं आहेत. खोक्यावर ती लिहिलेली असतील तर मजबुतीची आणि फटींची चाचणी झालेली असते. पण फट कुत्र्याच्या मापानं पुन्हा तपासाच. ती मानकं मुलाच्या डोक्याचा विचार करतात, दोन किलोच्या पॉमेरेनियनचा नाही.

रोज हाताळणार कोण

दुसरं गेट मी सगळी मापं घेऊन आणलं. बसलंही नीट. दोन दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे फाटक चांगलं आहे, पण मला पाणी प्यायचं असलं की तुला हाक मारावी लागते." त्यांच्या बोटांत संधिवात. कडी दाबून त्याच वेळी वर उचलायची, हे त्यांना जमेना. आणि रात्री तळाच्या पट्टीला त्यांचा पाय अडखळला तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. पट्टी अवघी एक इंच उंच. तरण्या पायांना ती जाणवत नाही, पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या पायाला तेवढी पुरते.

कामाला येणाऱ्या मावशींची अडचण वेगळी. "ताई, एका हातात बादली, एका हातात पोछा, उघडू कशानं?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात गेट उघडं ठेवून काम करायला सुरुवात केली आणि त्यांचं काही चुकलं नाही.

म्हणून दुकानात गेट बघताना ही परीक्षा घ्या. डाव्या हातात पिशवी धरा आणि फक्त उजव्या हातानं कडी उघडा. मग हात बदलून. घरातल्या सगळ्यात अशक्त हाताला ती जमली पाहिजे. पान सोडून दिल्यावर आपोआप मिटतं का, आणि काटकोनात उघडलं तर तसंच थांबतं का, हे दोन्ही हवं. पुसणं-झाडणं चालू असताना ते उघडं थांबलं पाहिजे, एरवी मिटलं पाहिजे. साडी नेसणारं कुणी घरात असेल तर कडीचं टोक बघा. आमच्या पहिल्या कडीनं सासूबाईंचा पदर दोनदा धरला.

तळाच्या पट्टीवर चमकणारा रेडियमचा टेप लावला आणि पॅसेजमध्ये रात्रीचा छोटा दिवा. त्यानं निभावलं, पण आज घ्यायचं झालं तर मी सरळ स्क्रूचं गेट घेईन.

एक देशी पर्याय विसरू नका: सुताराकडून अर्धं दार. कोकणातल्या जुन्या घरांत कोंबड्या-वासरं आत येऊ नयेत म्हणून मागीलदारी असं अर्धं दार असायचं, वरून उजेड-वारा येतो आणि खालून जनावर येत नाही. एकोणीस मिलिमीटरचं पाण्याला टिकणारं प्लाय, दोन्ही बाजूंना सनमायका, दोन चांगल्या बिजागऱ्या आणि वरच्या कडेला टॉवर बोल्ट. फटींचा प्रश्न नाही, चावायला कड नाही, तळाला पट्टी नाही, माप अगदी सुतात. फक्त तळाशी अर्धा इंच जागा सोडायला सांगा, आणि छोट्या दोन जाळ्या बसवून घ्या. पूर्ण बंद फळीमागे कुत्र्याला कुणी दिसत नाही, मग ते जास्त भुंकतं.

बसवताना

दाबाचं गेट खोक्यातून काढलं की बहुतेकांना ते सदोष वाटतं. पान मिटलं की कडी आणि चौकट यांत दोन बोटं जागा राहते, कडी लागतच नाही. फोन करून परत पाठवू नका. चौकट मुद्दाम किंचित पसरलेली बनवतात आणि वरचे बोल्ट आवळत गेलं की ती जागा कमी होते. कडी अलगद बसू लागली की दाब योग्य झाला. त्यापुढे आवळलं तर पान अडकतं.

क्रम असा: चौकट दाराच्या मधोमध उभी करा, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडा. आधी खालचे दोन बोल्ट हातानं टेकवा. चौकट सरळ आहे का बघा, स्पिरिट लेव्हल नसेल तर फोनमधली चालते. मग वरचे दोन, थोडं इकडे थोडं तिकडे असं आलटून पालटून. शेवटी बोल्टांवरचे चारही नट भिंतीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे चौकटीकडे, घट्ट करा म्हणजे बोल्ट आपोआप फिरणार नाहीत.

आणि मग गुडघ्यावर बसा. उभं राहून वरून हलवून बघण्यात अर्थ नाही, छोटं कुत्रं खालच्या वीतभर भागावर धडकतं. तळहातानं खाली जोरात ढकला, दोन्ही कोपऱ्यांत. एक सूतभर जरी सरकलं तरी पुन्हा आवळा. हे सगळं होईपर्यंत कुत्रं दुसऱ्या खोलीत. पहिल्या आठवड्यात रोज एकदा, नंतर महिन्यातून एकदा बोल्ट तपासा. आम्ही लाइटबिल भरायच्या दिवशी तपासायचो.

कुत्र्याला गेटची ओळख

गेट बसलं की लगेच कुत्र्याला मागे बंद करून निघून जाऊ नका. पहिले दोन दिवस गेट उघडंच ठेवा, जवळपास खाऊ टाका, वास घेऊ द्या. मग मिटा, आणि पलीकडे तुम्ही तिथेच बसा. कुत्रं शांत असताना गजांमधून खाऊ द्या. गाजराचा किंवा उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो. पाच सेकंदं, मग पंधरा, मग मिनिटभर. मग दोन पावलं मागे जा आणि परत या. मग नजरेआड.

कुंई कुंई सुरू झाली की उघडायचं नाही, हे सगळे सांगतात. मी थोडी दुरुस्ती करते: हट्टाची कुरकुर आणि घाबरल्याचा आक्रोश वेगळा असतो. कुरकुरीत कुत्रं मधूनमधून थांबून तुमच्याकडे बघतं. कुरकुर थांबली, दोन श्वास शांतता झाली, की उघडा. पण लाळ गळतेय, धापा टाकतंय, दात लावून गज ओढतंय, तर ती भीती. तेव्हा लगेच बाहेर घ्या आणि उद्या निम्म्या वेळापासून पुन्हा सुरू करा.

गेटमागे सोडताना गळ्यातला पट्टा काढा. लोंबणारा बिल्ला किंवा घुंगरू गजात अडकून कुत्रं लटकल्यासारखं होतं. पाण्याची वाटी, झोपायची चादर आणि पंखा यांची सोय बघा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला एप्रिल-मे महिन्यात कोंदट पॅसेजमध्ये तासभर ठेवणंही धोक्याचं आहे.

गेट म्हणजे दिवसभर कोंडून ऑफिसला जायची सोय नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात, सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा धरला आहे. दिवाळीच्या चार रात्री तर आमचं गेट सताड उघडं होतं. फटाक्यांना बिथरलेलं कुत्रं अडथळ्यावर झेप घेतं, नखं उखडतात, दात तुटतात. त्या वेळी बुंदी आतल्या बेडरूममध्ये, पडदे ओढून, पंखा मोठा करून, आणि कुणीतरी तिच्याजवळ. गणपतीत उलटं. घरात वीस माणसं, दार सतत उघडं, आणि प्रत्येकाला वाटतं गेट दुसऱ्यानं लावलं असेल. म्हणून कडीवर जाड अक्षरांत चिठ्ठी: "उघडलंत? मिटा."

आता बुंदी दीड वर्षाची आहे. दोन महिन्यांपूर्वी आम्ही गेट आठवडाभर उघडं ठेवून पाहिलं. ती उंबरठ्यापर्यंत येते, बसते आणि फोडणीचा वास घेत बघत राहते. गेट माळ्यावर गेलं, कांद्याची टोपली मात्र वरच्या फळीवर ती कायमचीच. तुम्हीही गेट काढाल तेव्हा चार बोल्ट, चार नट आणि चकत्या एका पिशवीत घालून ती पिशवी गेटच्या गजालाच बांधून ठेवा. मी त्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवल्या होत्या. गेल्या आठवड्यात बहिणीचं पिल्लू राहायला आलं तेव्हापासून शोधतेय.